देवगिरीचे जामात हरपाळदेव

हरिपाळदेव हे नाव कानी पडताच पंथीय वाचकांस प्रथम भडोच आठवते, आणि ते योग्यच आहे. गुर्जर देशाचे प्रधान विशाळदेव यांचे पुत्र हरिपाळदेव, ज्यांच्या देहाचा सर्वज्ञांनी स्वीकार केला, त्यांचे चरित्र साधकांस व वासनिकांस मुखोद्गत असते. प्रस्तुत लेखाचा विषय असलेले हरपाळदेव त्यांहून निराळे होत. देवगिरीचे राजे रामदेवराव यादव यांचे हे जामात. नामसाम्याने क्वचित घोटाळा होतो, म्हणून आरंभीच हा खुलासा केला. भडोचच्या वाड्यातून रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून स्वामी निघाले, ते त्या ऐश्वर्याकडे पुन्हा वळले नाहीत. त्यानंतर कित्येक दशकांनी हे दुसरे हरपाळदेव एका राजकुळाशी नाते जोडते झाले आणि त्या नात्याचे ऋण त्यांनी आपल्या देहाने फेडले.

ज्या कुळात ते जावई म्हणून आले त्याची रीत आधी ध्यानी घेतली पाहिजे. महादेवराय यादव इ. स. १२७१ मध्ये निवर्तले व त्यांचा पुत्र आमणदेव गादीवर बसला. परंतु कान्हरदेवांचे पुत्र रामदेव यांनी नाटक करणाऱ्या मंडळींच्या वेषात देवगिरीत प्रवेश केला आणि चुलतभावाला बंदीत टाकले. पुढे आमणदेवाचे डोळे काढण्यात आले असे आपल्याकडील जुने ग्रंथ सांगतात. ज्या घरी भावाचे भावाशी असे वर्तन, त्या घरी जावयाचे स्थान ते काय असणार? मान असतो, आसन असते, गादी नसते. रामदेवरावांस शंकरदेव हा कर्ता पुत्र होता. त्यामुळे हरपाळदेवांच्या वाट्याला राज्य येण्याचे काहीच कारण नव्हते.

त्या दरबाराचे वैभव मात्र खरे होते. नरेंद्र कवींच्या रुक्मिणीस्वयंवराला आपल्या नावाची मुद्रा मिळावी म्हणून रामदेवरावांनी ओवीमागे एक सोन्याचे नाणे देऊ केले व कवीने ते नाकारले, ही कथा कोणास ठाऊक नाही? ते काव्य इ. स. १२९२ चे. त्यानंतर चारच वर्षांनी देवगिरीचे सोने दिल्लीच्या वाटेला लागले. मुद्रेसाठी देऊ केलेले सोने कवीने घेतले नाही, खंडणी म्हणून मागितलेले सोने मात्र राजाला द्यावेच लागले.

ते सोने नेणारा पुरुषही कोणाचा तरी जावईच होता, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. अल्लाउद्दीन खिलजी हा सुलतान जलालुद्दीनाचा पुतण्या व जामात. पत्नी व सासू यांच्याशी त्याचे पटत नसे. दिल्लीच्या दरबारात आपला निभाव लागत नाही असे पाहून त्याने द्रव्यासाठी दक्षिणेचा मार्ग धरला, असे तत्कालीन इतिहासकार बरनी लिहितो. इ. स. १२९६ मध्ये कड्याहून निघून एलिचपूरमार्गे तो देवगिरीवर आला, तेव्हा यादवांची मुख्य सेना शंकरदेवाबरोबर बाहेर होती. रामदेवराव किल्ल्यात शिरले. घाईघाईने आत घेतलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले असे फिरिश्ता सांगतो. शंकरदेव परतून लढला आणि हरला. अपार संपत्ती व एलिचपूर प्रांताचे उत्पन्न देऊन तह झाला. त्याच वर्षी अल्लाउद्दीनाने आपल्या सासऱ्याचा घात करून दिल्लीचे तख्त घेतले. रामदेवरावांची एक कन्याही त्याच्या जनानखान्यात गेली. फारसी ग्रंथांत तिचे नाव झत्यपाली असे येते.

म्हणजे देवगिरीचा शत्रू अल्लाउद्दीन आणि देवगिरीसाठी पुढे प्राण देणारे हरपाळदेव हे नात्याने साडू झाले! एकाने राजकन्या जिंकलेल्या संपत्तीबरोबर नेली. दुसरा त्याच घराचा झाला.

पुढील पंधरा वर्षे यादवकुळाच्या उतरणीची होत. खंडणी थांबली म्हणून मलिक काफूर चालून आला. इ. स. १३०८ च्या सुमारास रामदेवराव दिल्लीला नेले गेले. तेथे त्यांचा सन्मान झाला, रायरायान ही पदवी मिळाली, छत्र मिळाले, आणि ते परत आले ते सुलतानाचे मांडलिक होऊन. वरंगळ व द्वारसमुद्र यांवर जाणाऱ्या काफूरच्या सैन्याला देवगिरीतून वाट आणि साह्य दोन्ही मिळाले. इकडे इ. स. १३१० च्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटात मात्र राजाचे पराक्रम पूर्वीच्याच थाटात वर्णिलेले आहेत. वाचताना मन विषण्ण होते. शेजारच्या राज्यांवर जाणाऱ्यास वाट करून देणाऱ्याच्या मदतीला पुढे शेजारी येत नाहीत, आणि हे कर्ज सासऱ्याने काढले व जावयाने फेडले असे माझे मत आहे. आपले ग्रंथ ज्या संकटाला खालशाची धाड म्हणतात ते याच काळाचे. लीळाचरित्राची मूळ पोथी त्यात नाहीशी झाली व शिष्यांच्या स्मरणातून ती पुन्हा सिद्ध करावी लागली. राजकुळाची विपत्ती राजवाड्यापुरती राहत नाही.

रामदेवराव इ. स. १३११ च्या सुमारास निवर्तले. शंकरदेवाने खंडणी नाकारली, तेव्हा काफूर पुन्हा आला आणि इ. स. १३१३ मध्ये शंकरदेव मारला गेला. आता काफूर स्वतःच देवगिरीत राहून कारभार पाहू लागला. सुलतान आजारी पडल्यामुळे त्याला दिल्लीस बोलावणे आले, आणि जानेवारी १३१६ मध्ये अल्लाउद्दीन मरण पावला.

यानंतर जे घडले त्याकडे मराठी वाचकांचे लक्ष फारसे जात नाही. काफूरने दिल्लीच्या तख्तावर जे पाच-सहा वर्षांचे मूल बसविले, तो शिहाबुद्दीन उमर हा झत्यपालीचा पुत्र, अर्थात रामदेवरावांचा दौहित्र होय. काही आठवडे दिल्लीचे छत्र देवगिरीच्या नातवाच्या मस्तकी होते. काफूरचा खून झाला, अल्लाउद्दीनाचा दुसरा पुत्र कुतुबुद्दीन मुबारक याने आधी बालराजाचा पालक म्हणून सूत्रे हाती घेतली, आणि मग त्या मुलाचे डोळे काढून त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात टाकले. आमणदेवाच्या डोळ्यांची आठवण येथे कोणास झाली तर नवल नाही.

दिल्लीत ही धामधूम चालू असता देवगिरीवरील सुलतानाचा अधिकारी ऐनुल्मुल्क गुजरातच्या बंडाकडे पाठविला गेला व दक्षिणेतील पकड सैल झाली. राजपुत्र शंकरदेव उरला नव्हता. अशा वेळी उठावाचे नायकत्व जावयाने घेतले. हरपाळदेव पुढे झाले, रामदेवरावांचे जुने मंत्री राघव त्यांच्या साह्यास होते, आणि देवगिरी पुन्हा स्वतंत्र झाली. दोन वर्षांच्या आसपास हे स्वातंत्र्य टिकले. येथे क्षणभर थांबावेसे वाटते. राजकुळाचा ऐश्वर्यकाळ असता ज्याचा गादीशी संबंध नव्हता, त्याच्याकडे ती गादी आली तेव्हा तिच्यात सुखाचा लेशही उरला नव्हता. कोष रिता, सेना विस्कळीत, बाहेरून साह्याची आशा नाही. द्वारसमुद्राचे बल्लाळदेव व वरंगळचे प्रतापरुद्र दोघेही दिल्लीपुढे वाकलेले होते, आणि देवगिरीने काफूरला दिलेली वाट त्यांच्या स्मरणात असणारच. हरपाळदेवांनी दिल्लीला नजराणा पाठवून रायरायान होणे शक्य होते, त्या मार्गाचा पाठ घरातच घालून दिलेला होता. त्यांनी तो मार्ग धरला नाही.

इ. स. १३१८ मध्ये मुबारक स्वतः मोठी सेना घेऊन दक्षिणेत उतरला. हरपाळदेव व राघव यांनी किल्ला सोडून डोंगर गाठला. ते पळाले असे बरनी लिहितो. परंतु अमीर खुसरोच्या वृत्तान्ताप्रमाणे एकट्या राघवाजवळ दहा हजार स्वार होते, आणि एवढा जमाव घेऊन घाटात जाणे याला केवळ पलायन म्हणणे मला पटत नाही. मिठाच्या गोण्यांचा अनुभव बावीस वर्षांपूर्वीचाच होता. वेढ्यात सापडण्यापेक्षा उघड्यावर लढावे असा विचार त्यामागे असू शकेल.

सुलतानाचा लाडका सरदार खुसरोखान पाठलागावर गेला. राघवांचा जमाव मोडला आणि ते जखमी होऊन गिरिकंदरात गेले. खुसरोखान माघारी वळतो तोच हरपाळदेवांनी डोंगरात पुन्हा माणसे जमविल्याची वार्ता त्याला लागली. दोन-तीन झुंजी झाल्या. अखेरीस हरपाळदेव घायाळ अवस्थेत हाती लागले व हातपाय बांधून त्यांना सुलतानापुढे उभे करण्यात आले. मुबारकच्या आज्ञेने त्यांच्या अंगाची कातडी सोलण्यात आली आणि देह देवगिरीच्या दरवाजावर टांगण्यात आला. ज्या दरवाजाने कधीकाळी जामात म्हणून मानाने प्रवेश मिळाला, तो पाहणाऱ्यांस त्या दिवशी काय वाटले असेल ते लेखणीने लिहवत नाही.

रामदेवरावांचा वंश एवढ्यानेही सुटला नाही. देवगिरीवर मलिक यकलखी याची नेमणूक करून मुबारक परत फिरला. वाटेत त्याच्याविरुद्धचा एक कट उघडकीस आला, तेव्हा आपल्या बंदिवान भावांना जिवंत ठेवणे त्याला धोक्याचे वाटले. ग्वाल्हेरीस मारेकरी पाठवून त्याने खिज्रखान, शादीखान व आंधळा शिहाबुद्दीन यांना ठार करविले. जामात देवगिरीत आणि दौहित्र ग्वाल्हेरीत, दोघांचा अंत एकाच मोहिमेच्या जाण्यायेण्यात झाला. यकलखीने पुढे बंड केले व शिक्षा म्हणून त्याचे नाककान कापले गेले. इ. स. १३२० मध्ये खुद्द मुबारक मारला गेला, तो त्याच खुसरोखानाच्या हस्तकांकडून. खुसरोखानाला तख्त मिळाले, आणि काही महिन्यांतच घियासुद्दीन तुघलकाने त्याचाही शिरच्छेद केला.

देवगिरीच्या पायथ्याशी मुबारकने उभारलेली मशीद त्याच इ. स. १३१८ सालची. तिच्यात यादवकालीन देवळांचे खांब लावलेले आहेत. इ. स. १९४८ नंतर तेथे भारतमातेची मूर्ती बसविण्यात आली. त्या खांबांवरील कोरीवकाम आजही दिसते. दौलताबादेस जाणारे बहुतेक लोक थेट गडाची वाट धरतात. जाधववाडीहून वा वेरूळहून येणाऱ्या आपल्या मंडळींनी थोडे थांबून ते खांब अवश्य पाहावेत. हरपाळदेवांच्या डोळ्यांनी ते मूळच्या देवळात उभे असलेले पाहिलेले आहेत.