पळसगावचा नाईक, मोंटोनेचे सूर्यघड्याळ

रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात पळसगाव नावाचे खेडे आहे. यशवंत घाडगे यांचा जन्म इथलाच, १६ नोव्हेंबर १९२१ चा. कोकणातल्या भातशेतीवर सगळ्या घराचे पोट भरेलच असे नसायचे. म्हणून कुणी मुंबईच्या गिरणीत जाई, कुणी पलटणीत. यशवंतराव पलटणीत गेले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक झाले, म्हणजे जवानांच्या एका छोट्या तुकडीचे म्होरके. (मराठा नाव असलेल्या या पलटणींत पूर्वी दख्खनी मुसलमानही असत. आज हे फार थोड्यांना ठाऊक आहे.)

दुसरे महायुद्ध चालू होते. आपला नायगाव-नांदेडचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि इटली कुठे आहे हे इथे क्वचितच कुणाला माहीत असेल. त्या इटलीत पन्नास हजारांहून अधिक हिंदुस्थानी जवान जर्मन फौजेशी लढत होते. त्यांतले ५,७८२ परतले नाहीत.

१० जुलै १९४४. टायबर नदीचे वरचे खोरे. घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. क्षणात सगळे साथीदार ठार किंवा जखमी झाले, उभे राहिले ते एकटे नाईक. मागे फिरले असते तर कुणी बोल लावला नसता. ते सरळ मशीनगनवर धावून गेले. आधी बॉम्ब फेकून ती गन आणि ती चालवणारा निकामी केला, मग एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला सवड नव्हती. हातातली बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याने झोडपून मारले. मोर्चा हाती आला, पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत घुसल्या आणि ते तिथेच कोसळले. वय अवघे बावीस.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. तो व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून त्यांच्या पत्नीने स्वीकारला. त्या माउलीला नवऱ्याच्या मातीचे दर्शन मात्र कधीच होणार नव्हते. इटलीत मुसलमान जवानांचे दफन झाले, हिंदू आणि शीख जवानांचे अनेक ठिकाणी दहन झाले. पण यशवंतरावांची कुठेच खूण उरली नाही. कॅसिनो येथील स्मारकावर, ज्यांची कबर सापडत नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांत, त्यांचे नाव कोरलेले आहे.

इंग्रजांच्या वर्दीत मेलेला माणूस स्वतंत्र देशाने कसा आठवायचा, हा प्रश्न अवघडच. माणगावकरांनी तो फार ताणला नाही. तहसील कचेरीच्या आवारात त्यांनी आपल्या गाववाल्याचा पुतळा उभा केला. हिटलरच्या फौजा ज्यांच्या दारात होत्या, त्या इटलीतल्या लोकांनाही हा प्रश्न पडला नाही. जुलै २०२३ मध्ये पेरुजियाजवळच्या मोंटोने या छोट्या गावाने घाडगे यांच्या नावाने स्मारक उभारले. पुतळा नाही, तोफ नाही, तर सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये कोरले आहे की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

रमजानमध्ये सेहरी आणि इफ्तारची वेळ ज्याच्यावरून ठरते, तो हाच सूर्य. पळसगावच्या शिवारात तो उगवतो आणि काही तासांनी मोंटोनेच्या त्या दगडावर सावली सरकू लागते.