जबाबदार व्यक्ती

वर्ध्यात इंजिनिअरिंगला आल्यापासून बजाज चौकातून किती वेळा गेलो असेन याचा हिशेब नाही. पण खरं सांगतो, बजाज म्हटलं की मला आठवायची ती स्कूटरच! जमनालाल बजाज हा माणूस मला भेटला सेकंड इयरला, तोही एका फजितीमुळे.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर आम्ही पथनाट्य बसवलं होतं. आधी शहरातून फेरी, मग दोन चौकांत प्रयोग. परवानगीसाठी आम्ही सात जण ठाण्यात गेलो. मार्ग कोणता, वेळ काय, माणसं किती, स्पीकर आहे का, सगळं पटापट सांगितलं. शेवटी साहेबांनी विचारलं, जबाबदार व्यक्ती म्हणून सही कोण करतं? झालं! एकाला कॅम्पस आठवला, एकाला पासपोर्ट, मला बाबा. उद्या येतो म्हणून आम्ही सटकलो.

संध्याकाळी सबमिशनचं पुस्तक शोधायला लायब्ररीत गेलो, तर जमनालालजींचं एक जुनं चरित्र हाती लागलं. सबमिशन राहिलं बाजूला.

जन्म 4 नोव्हेंबर 1889, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात. वर्ध्याचे सेठ बच्छराज यांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतलं, म्हणून ते वर्धेकर झाले. सतराव्या वर्षी आजोबा रागाने बोलले, तर या मुलाने इस्टेटीवरचा हक्क सोडतो असं लिहून दिलं आणि घराबाहेर पडला. आजोबांनी समजूत घालून परत आणलं. सतराव्या वर्षी आपण काय करत होतो? सीईटीचे क्लास!

पुढे व्यापार वाढला, सरकारने रायबहादूर केलं. 1920 च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. असहकार सुरू झाला तशी त्यांनी पदवी परत केली.

आणि मग आलं 1923 साल. नागपुरात चरख्याचा तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे साहेबलोकांच्या वस्तीत, मिरवणूक न्यायची होती. 13 एप्रिलला पोलिसांनी ती अडवली, लाठ्या चालल्या. मग कलम 144 लावून बंदी आली. हे कलम आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. 2024 च्या जुलैपासून त्याच्या जागी नव्या संहितेचं कलम 163 आलं, एवढाच फरक.

1 मेपासून झेंडा सत्याग्रह सुरू झाला. रोज स्वयंसेवकांची एक तुकडी झेंडा घेऊन निघायची आणि हद्दीवर पकडली जायची. दुसऱ्या दिवशी नवी तुकडी. बहुतेक पोरं आपल्याच वयाची, देशभरातून आलेली. वर्ध्याहून विनोबाही गेले आणि तुरुंगात बसले. पुढारी होते जमनालालजी, वय 33. घरी पेढी, बायको, लहान मुलं. तरी पोरांना पुढे करून स्वतः मागे राहिले नाहीत. 17 जूनला त्यांना अटक झाली. दीड वर्षाची कैद आणि 3000 रुपये दंड. त्यांनी दंड भरला नाही म्हणून मोटार जप्त झाली, पण तिला नागपुरात गिऱ्हाईकच मिळेना! शेवटी ती काठियावाडात नेऊन विकावी लागली. हे वाचताना मी लायब्ररीत एकटाच हसलो.

नंतर सूत्रं वल्लभभाई पटेलांनी घेतली. दीड हजारावर माणसं तुरुंगात गेली. बंदीच्या हुकमाची मुदत संपली, सरकारने ती वाढवली नाही आणि 18 ऑगस्टला झेंडा सिव्हिल लाइन्समधून सरळ निघून गेला. सप्टेंबरात सगळे सुटले.

पण पोलिसांपेक्षा अवघड असतात आपलीच माणसं. 1928 च्या जुलैमध्ये त्यांनी घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं. त्याचा राग समाजाने धरला, तो त्यांनी सोसला. गांधीजींना वर्ध्यात आणलं त्यांनीच. सेवाग्राम ज्याला आपण म्हणतो त्या शेगावात त्यांचीच जमीन होती. 1939 मध्ये जयपूर संस्थानाने प्रवेशबंदी केली, तर ती मोडून पुन्हा कैदेत. शेवटच्या दिवसांत गोसेवेला वाहून घेतलं आणि 11 फेब्रुवारी 1942 ला वर्ध्यातच अचानक गेले. वय फक्त 52.

पुस्तक मिटलं तेव्हा लाज वाटली. त्यांना परवानगी नाकारलेली होती, आम्हाला कोणी नाकारलीही नव्हती. फक्त कागदाच्या तळाशी एक नाव हवं होतं. त्या काळच्या तुकड्यांतल्या पोरांची नावं आज आपल्याला ठाऊक नाहीत, पण पोलिसांनी विचारल्यावर त्यांनी ती सांगितली असतीलच ना!

दुसऱ्या दिवशी मी सही केली. हात थोडा कापला, खोटं कशाला बोलू? एकच चौक मिळाला, स्पीकर मिळाला नाही, फेरीचा मार्गही अर्धा झाला. घसे बसेपर्यंत ओरडून प्रयोग केला. रात्री बाबांना फोनवर सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग विचारलं की बाकीच्या सहा जणांनी का नाही केली.

पुढच्या प्रयोगाच्या अर्जावर सात सह्या होत्या.