काचपात्रातील समतोल
लंडनच्या केमिकल सोसायटीच्या स्थापनेत १८४१ मध्ये पुढाकार घेणारे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७-१८६७) यांनी घरगुती मत्स्यालयाला शास्त्रीय पाया दिला. १८४९ मध्ये त्यांनी गोड्या पाण्याच्या काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने प्राणवायू पुरवला. परंतु तिची पाने कुजून पाणी गढूळ झाले. तळ्यातील गोगलगायी सोडताच त्यांनी ती घाण फस्त केली व पाणी निवळले. १८५० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. माशांच्या उत्सर्जनातील अमोनियाचे कोडे मात्र उरले. जिवाणू अमोनियाचे दोन टप्प्यांत नायट्रेट करतात, हे पुढे त्यांचेच नाव धारण करणाऱ्या पुत्राने रॉथमस्टेड येथील संशोधनातून दाखवले. हे जिवाणू वाढण्यास काही आठवडे लागतात. म्हणूनच नव्या टाकीतील घाई माशांच्या जिवावर बेतते.