चाफ्याच्या नांवांतील संन्यासी

देवळांच्या अंगणांत, कबरस्थानांत आणि पुष्कळांच्या ओसरीवरील कुंडींतहि आढळणारा खुरचाफा मूळचा या देशाचा नव्हे. त्याची जन्मभूमि मेक्सिको, मध्य अमेरिका व वेस्ट इंडीज बेटें. लावण्यास इतकें सोपें झाड क्वचितच असेल. उन्हाळ्यांत वीत-दीड वीत लांबीची फांदी कापावी, चीक निथळूं द्यावा (तो डोळ्यांस लागूं देऊं नये), आठ दिवस सावलींत सुकवावी व मग वाळूमिश्रित मातींत खोंचावी. ऊन भरपूर, पाणी बेताचें. पाणी अधिक झालें कीं बूड कुजतें. याच्या फुलांचा सुवास रात्रीं अधिक दरवळतो. त्याला भुलून पतंग येतात, पण फुलांत मध मुळींच नसतो! शास्त्रांत या झाडास प्लुमेरिया म्हणतात, तें एका फ्रेंच ख्रिस्ती संन्याशाच्या नांवावरून.

शार्ल प्ल्यूमिये यांचा जन्म १६४६ सालीं मार्सेय येथें झाला. सोळाव्या वर्षीं ते मिनिम नामक संन्यासी-संघांत शिरले. आरंभीं त्यांचा ओढा गणिताकडे होता. चित्रकलेंत हात उत्तम, आणि लांकूड कांतण्याच्या कलेवर तर त्यांनीं पुढें ग्रंथच लिहिला. आमच्यापैकीं ज्यांना हस्तव्यवसायाचा तास कमीपणाचा वाटतो, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. रोम येथील मठांत असतां त्यांना वनस्पतींचा छंद जडला. १६८९ सालीं राजाज्ञेनें ते प्रथम वेस्ट इंडीजला गेले. अशा तीन सफरींत त्यांनीं वनस्पतींचीं हजारों चित्रें काढलीं.

नव्या वनस्पतींस नांवें देतांना त्यांनीं इतरांचें स्मरण केलें. फुक्स या जर्मन वैद्यावरून फुक्सिया, बेगों या आपल्या आश्रयदात्यावरून बेगोनिया, मान्योल या अध्यापकावरून मॅग्नोलिया. त्यांचें स्वतःचें नांव चाफ्यास लावलें तें त्यांचे स्नेही तूर्नफोर यांनीं, आणि लिनियसनें १७५३ सालीं तें कायम ठेवलें. मौज अशी कीं आपला सोनचाफा, जो अगदीं निराळ्या कुळांतला, त्यास शास्त्रज्ञ आज मॅग्नोलिया चंपाका म्हणतात. म्हणजे एका चाफ्यास प्ल्यूमिये यांचें नांव, तर दुसऱ्यास त्यांनीं योजिलेलें.

१७०४ सालीं ते चौथ्या सफरीस निघाले. हिंवतापावर गुणकारी अशा सिंकोना झाडाचा पेरू देशांत शोध घ्यावयाचा होता. परंतु जहाज सुटण्यापूर्वींच स्पेनमधील काडिझजवळच्या एका बंदरांत फुप्फुसावरणाच्या दाहानें त्यांचें देहावसान झालें. मागें सुमारें सहा हजार चित्रें राहिलीं. त्यांतील बहुतेक छापलीं गेलीं नव्हतीं. नेच्यांवरील त्यांचा ग्रंथ १७०५ सालीं प्रसिद्ध झाला, तो पाहावयास ते नव्हते.