काळ्या ठिपक्यांची वही

बाजारात निघताना अम्मी आपल्या हातात एक चिठ्ठी देतात. साखर, चहा, डाळ, साबण अशा वस्तू तीत एकाखाली एक लिहिलेल्या असतात. उर्दूत आपण तिला फेहरिस्त म्हणतो. मराठीत तिला यादी म्हणतात. यादी हा शब्द आपल्या ओळखीच्या याद या फारसी शब्दापासून आला आहे. विसर पडू नये म्हणून जे लिहून ठेवायचे, ती यादी.

पण यादीचा उपयोग एवढाच आहे का? सुमारे तीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत एक माणूस होऊन गेला. त्याने सामानाच्या याद्या केल्या, कामाच्या केल्या, अभ्यासाच्याही केल्या. शेवटी तर त्याने स्वतःच्या दोषांचीच यादी केली. त्याचे नाव बेंजामिन फ्रँकलिन.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन शहरात झाला. त्याचे वडील मेणबत्त्या आणि साबण तयार करून विकत. वडिलांना एकूण सतरा मुले होती. एवढ्या मोठ्या कुटुंबात मुलाच्या शिक्षणाचा खर्च वडिलांना झेपेना. बेंजामिन जेमतेम दोन वर्षे शाळेत गेला. मग त्याला वडिलांच्या दुकानात वाती कापण्याचे काम करावे लागले. बारा वर्षांचा झाल्यावर तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून काम शिकू लागला.

शाळा सुटली, पण शिकण्याची आवड सुटली नाही. पुस्तकांच्या दुकानांत काम करणाऱ्या मुलांशी त्याने ओळख केली. संध्याकाळी पुस्तक न्यायचे, रात्रभर वाचायचे आणि सकाळी दुकान उघडण्यापूर्वी परत करायचे, असा त्याचा क्रम असे. पुढे त्याने भावाकडून जेवणखर्चाचे निम्मेच पैसे घेण्याचे कबूल केले. त्यातही तो साधे जेवण जेवून अर्धे पैसे वाचवी आणि त्यांतून पुस्तके घेई.

आपल्याला चांगले लिहिता येत नाही, ही गोष्ट बेंजामिनला खटकत असे. शिकवायला कोणी नव्हते. म्हणून त्याने स्वतःच एक युक्ती शोधली. एखादा उत्तम लेख घ्यायचा आणि त्यातील प्रत्येक वाक्याचा मुद्दा एका कागदावर थोडक्यात टिपायचा. ही मुद्द्यांची यादी काही दिवस बाजूला ठेवायची. नंतर पुस्तक न पाहता त्या मुद्द्यांवरून आपल्या शब्दांत पुन्हा लेख लिहायचा. शेवटी मूळ लेखाशी तो ताडून पाहायचा आणि आपल्या चुका दुरुस्त करायच्या. कधी कधी तो सारे मुद्दे मुद्दाम उलटसुलट करी आणि काही आठवड्यांनी पुन्हा क्रमाने लावी. विचार क्रमाने कसे मांडावेत हे तो त्यातून शिकला. ज्या मुलाला फक्त दोन वर्षे शाळा मिळाली, तो अशा याद्यांच्या मदतीने पुढे आपल्या काळातला नामवंत लेखक झाला.

भावाशी पटेना, म्हणून १७२३ मध्ये सतरा वर्षांचा बेंजामिन घर सोडून फिलाडेल्फिया शहरात आला. तेथे त्याला कोणीही ओळखत नव्हते. खिशात थोडीशी नाणी होती. भूक लागली होती. त्याने तीन मोठे पाव विकत घेतले. एक खाल्ला आणि उरलेले दोन होडीतून बरोबर आलेल्या एका बाईला व तिच्या मुलाला देऊन टाकले.

पुढे छापखान्याचे सामान आणण्यासाठी तो लंडनला गेला. १७२६ मध्ये तेथून जहाजाने परत येताना त्याने आपल्या पुढील आयुष्याचे नियम एका कागदावर लिहून काढले. कर्ज फिटेपर्यंत काटकसरीने राहायचे, नेहमी खरे बोलायचे, हाती घेतलेले काम चिकाटीने करायचे आणि कोणाची निंदा करायची नाही, असे ते नियम होते. तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता.

फिलाडेल्फियात फ्रँकलिन यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि वृत्तपत्र चालवले. विकत घेतलेला कागद ते कधी कधी स्वतः हातगाडीवर घालून रस्त्यातून ढकलत नेत. कष्टाची त्यांना लाज वाटली नाही. १७३१ मध्ये त्यांनी मित्रांच्या मदतीने एक वाचनालय स्थापन केले. पन्नास सभासदांनी वर्गणी भरली. कोणकोणती पुस्तके हवीत याची यादी तयार झाली आणि १७३२ मध्ये ती लंडनला पाठवली गेली. ज्या मुलाला रात्रीपुरते उसने पुस्तक आणावे लागे, त्याच्या प्रयत्नाने शहराला पुस्तके मिळाली.

याच सुमारास त्यांच्या मनात एक धाडसी विचार आला. आपल्या अंगी एकही दोष राहू नये असे त्यांना वाटू लागले. पण एक दोष सांभाळावा तर तेवढ्यात दुसरा डोके वर काढी. म्हणून त्यांनी गुणांची यादी केली. कमी खाणे, कमी बोलणे, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, प्रामाणिकपणा, न्याय, संयम, स्वच्छता, शांतपणा आणि शील हे ते बारा गुण. ही यादी त्यांनी एका मित्राला दाखवली. तेव्हा मित्राने प्रेमाने त्यांना सांगितले की लोक तुम्हाला गर्विष्ठ समजतात. फ्रँकलिन यांना राग आला नाही. त्यांनी यादीत तेरावा गुण लिहिला, नम्रता. तेव्हापासून वाद करताना आपलेच खरे असे ठासून सांगण्याऐवजी, मला असे वाटते, अशा सौम्य शब्दांत ते बोलू लागले.

यानंतर त्यांनी एक लहान वही केली. प्रत्येक पानावर तांबड्या शाईने रेघा आखल्या. वर आठवड्याचे सात वार आणि बाजूला तेरा गुण. रोज रात्री दिवस आठवून पाहायचा आणि ज्या गुणाबाबत चूक झाली असेल त्या घरात काळा ठिपका द्यायचा. प्रत्येक आठवड्यात एका गुणाकडे विशेष लक्ष द्यायचे. तेरा आठवड्यांत यादी पूर्ण होई आणि वर्षातून चार वेळा ती फिरून येई. पहिल्यांदा ठिपके पाहून ते स्वतःच चकित झाले. आपल्यात इतके दोष असतील असे त्यांना वाटले नव्हते. जुने ठिपके खरवडून तीच पाने पुन्हा वापरता वापरता कागदाला भोके पडली! मग त्यांनी हस्तिदंताची पाने असलेली वही घेतली. तिच्यावर ते पेन्सिलीने ठिपके देत आणि ओल्या स्पंजाने पुसत.

त्या वहीत दिवसाचे वेळापत्रकही होते. पहाटे पाच वाजता उठायचे. हातपाय धुऊन प्रार्थना करायची, आज कोणते चांगले काम करायचे ते ठरवायचे आणि अभ्यास करायचा. आठ ते बारा काम. दुपारी दोन तास वाचन, हिशेब आणि जेवण. दोन ते सहा पुन्हा काम. संध्याकाळी सर्व वस्तू जागच्या जागी ठेवायच्या, थोडे संगीत आणि गप्पा. झोपण्यापूर्वी, आज आपण काय चांगले केले, याचा विचार करायचा आणि दहाला झोपायचे.

हे सारे त्यांना जमले का? नाही. व्यवस्थितपणाने तर त्यांना फार छळले. छापखान्यात गिऱ्हाइके केव्हाही येत, वेळापत्रक मोडे. कागदपत्रे जागेवर ठेवण्याची सवय त्यांना म्हातारपणीही लागली नाही. याबद्दल ते एक गोष्ट सांगत. एका माणसाला आपली कुऱ्हाड सगळीकडून चकचकीत करून हवी होती. लोहार म्हणाला की चाक तू फिरव, मी घासून देतो. चाक फिरवता फिरवता माणूस थकला आणि अर्धवट डाग असलेलीच कुऱ्हाड मला आवडते, असे सांगून घरी गेला. आपणही कधी कधी त्या माणसासारखेच वागलो, हे फ्रँकलिन यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. पण ही वही ठेवली नसती तर आहोत तेवढे चांगले आणि सुखी झालो नसतो, असेही त्यांनी वयाच्या एकोणऐंशिव्या वर्षी लिहिले.

एक दुःख मात्र त्यांच्या मनातून कधी गेले नाही. त्या काळी देवीची साथ येई. त्यापासून वाचण्यासाठी निरोगी माणसाच्या अंगात देवीचे विष टोचत असत. फ्रँकलिन यांना हा उपाय पटला होता. पण त्यांचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस पोटाच्या विकाराने आजारी होता. त्याला ताकद आल्यावर टोचून घेऊ, असे ठरले. तेवढ्यात त्याला देवी आल्या आणि १७३६ मध्ये तो गेला. राहून गेलेल्या त्या एका कामाची खंत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिली आहे. इतर आईबापांना सावध करावे, हाच त्यामागचा हेतू होता.

१७५२ मध्ये त्यांनी पतंगाचा प्रसिद्ध प्रयोग केला आणि आकाशातील वीज ही विद्युतच आहे हे दाखवले. पुढे टपालखात्याचे मोठे काम त्यांच्याकडे आले. १७५५ मध्ये इंग्रजांचे सैन्य जंगलातून लांबच्या मोहिमेवर निघाले होते. सैन्यातील लहान अधिकाऱ्यांजवळ वाटेत पुरेल इतके सामान घ्यायला पैसे नव्हते. फ्रँकलिन यांना हे कळताच त्यांनी छावणीचा अनुभव असलेल्या आपल्या मुलाकडून यादी तयार करून घेतली. सहा पौंड साखर, सहा पौंड दळलेली कॉफी, सहा पौंड तांदूळ, सहा पौंड मनुका, अर्धा पौंड मिरी, वीस पौंड लोणी, शिवाय चहा, चीज आणि बिस्किटे. यांखेरीज आणखी काही वस्तू होत्या. अशी वीस गाठोडी वीस घोड्यांवर लादून पाठवली गेली. प्रत्येक अधिकाऱ्याला एक गाठोडे आणि एक घोडा भेट मिळाला. साध्या वाणसामानाच्या यादीत दुसऱ्याच्या अडचणीची जाणीव कशी असते, हे यातून दिसते.

१७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञ मित्राने एका नोकरीबद्दल त्यांचा सल्ला विचारला. फ्रँकलिन यांनी नोकरी घ्यावी की नाही हे सांगितले नाही. निर्णय कसा घ्यावा हे कळवले. कागदाच्या मधोमध रेघ ओढायची. एका बाजूला अनुकूल कारणे लिहायची, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. तीन-चार दिवस जसे सुचेल तसे लिहीत जायचे. मग सारख्या वजनाची कारणे दोन्हीकडची खोडायची. ज्या बाजूला काही उरेल, तिकडे निर्णय झुकतो. आजही अनेक लोक असाच विचार करतात.

१७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आणि १७८७ मध्ये राज्यघटनेवर त्यांची सही झाली. त्यांचे आत्मचरित्र मात्र अर्धवट राहिले होते. ते लिहायला घेताना त्यांनी मुद्द्यांची एक यादी केली होती. युद्धाच्या धामधुमीत ते लेखन मागे पडले. ती यादी एका मित्राच्या हाती आली. त्याने ती पाठवून लेखन पुढे चालू करण्याचा आग्रह केला, आणि फ्रँकलिन यांनी पुन्हा लेखणी उचलली.

त्यांच्या वहीत आठवा गुण न्याय होता. तरी अनेक वर्षे त्यांच्या घरी गुलाम होते आणि त्यांच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. या अन्यायावर त्यांनी बराच काळ ठिपका दिला नाही. पण उशिरा का होईना, त्यांचे मत बदलले. १७८७ मध्ये ते गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १७९० मध्ये त्यांनी आपल्या सहीने देशाच्या संसदेकडे अर्ज पाठवला आणि गुलामांना स्वातंत्र्य देण्याची मागणी केली. संसदेने ती मान्य केली नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी, १७ एप्रिल १७९० रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशिव्या वर्षी ते वारले.

मुलांनो, यादी केल्याने माणूस आपोआप चांगला होत नाही. कागदावर लिहिलेली डाळ आपण बाजारात गेल्याशिवाय घरी येत नाही. अभ्यासाचे वेळापत्रक भिंतीवर लावले म्हणून धडा पाठ होत नाही. पण काय करायचे राहिले, हे यादी खरेखरे सांगते. फ्रँकलिन यांची वही आरशासारखी होती. तीत दिसलेले डाग पाहून त्यांनी आरसा फोडला नाही. ते डाग पुसण्याचा प्रयत्न त्यांनी आयुष्यभर केला.