बाटली नंबर ५३-एन : हाफकिन यांच्यावर ठपका का बसला आणि तो कसा पुसला गेला?

बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरण सुरू असतं. बाळ रडत असतं, आई त्याला सांभाळत असते. लशीच्या बाटलीवर एक बारीक छापलेला बॅच नंबर असतो, त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. पण लस टोचल्यावर काही विपरीत घडलं, तर सगळी चौकशी त्या नंबरापासूनच सुरू होते.

हा नंबर किती मोलाचा असतो, हे एका शास्त्रज्ञाच्या आयुष्यातून समजतं. त्यांचं नाव वाल्देमार हाफकिन. मुंबईत परळला असलेली हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

ओडेसा ते मुंबई

हाफकिन यांचा जन्म १८६० चा. त्या वेळच्या रशियन साम्राज्यातल्या एका ज्यू कुटुंबात ते वाढले. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. तरुणपणी झारविरोधी चळवळीत असल्यामुळे पोलिसांची नजर त्यांच्यावर होती. त्यातून धर्म बदलायलाही त्यांनी नकार दिला. त्यामुळे रशियात पुढे जाण्याचा रस्ता बंद झाला. ते आधी जिनिव्हाला आणि तिथून पॅरिसला गेले. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना ग्रंथालयातलं साधं काम मिळालं. उरलेल्या वेळात ते प्रयोग करायचे.

१८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतलं आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये छोटीशी जागा दिली. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तीही आधी स्वतःला टोचली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, तयार असलेल्या कैद्यांना लस देऊन इतर कैद्यांशी तुलना करण्यात आली. लस घेतलेल्यांमध्ये प्लेगचं प्रमाण बरंच कमी निघालं. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली आणि लाखो लोकांसाठी लस तिथे बनू लागली.

मुलकोवालमध्ये काय घडलं?

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबमधल्या मुलकोवाल गावात, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. लस परळहून आली होती. आठवडाभराने काहींचे जबडे आखडू लागले. तो धनुर्वात होता. १९ जण दगावले.

मेलेल्या सगळ्यांना एकाच बाटलीतून लस मिळाली होती. तिचा नंबर होता ५३-एन. इतर बाटल्यांमधून लस घेतलेल्यांना त्या दिवशी काही झालं नाही.

म्हणजे दोष त्या एका बाटलीत होता, हे लगेच स्पष्ट झालं. धनुर्वाताचे जंतू बाटलीत कधी गेले, हे मात्र ठरायचं होतं. परळला बाटली भरताना, की गावात ती उघडताना? पहिलं खरं असेल तर जबाबदारी हाफकिन यांच्या प्रयोगशाळेची. दुसरं खरं असेल तर चूक टोचणाऱ्या पथकाची.

चौकशीने आधी माणूस शोधला

सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स त्याचे अध्यक्ष होते. त्याच काळात परळच्या प्रयोगशाळेने लस बनवण्याची पद्धत बदलली होती. पंजाबची मागणी मोठी होती, म्हणून कार्बोलिक ॲसिड न घालता फक्त उष्णता देऊन लस निर्जंतुक केली जात होती. आयोगाचं लक्ष या बदलावर गेलं. बाटली उघडण्याआधीच जंतू आत होते, असा निष्कर्ष निघाला आणि ठपका परळवर आला. हाफकिन यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर व्हावं लागलं. १९०४ मध्ये ते लंडनला गेले.

पण काही गोष्टी या निष्कर्षाशी जुळत नव्हत्या. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर नीट तापवण्याऐवजी नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तेव्हाही माहीत होतं.

वास आणि वेळ या दोन गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या होत्या. हे जंतू बंद बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले असते, तर लशीला घाण वास यायला हवा होता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. शिवाय बाटलीत आधीच विष साठलेलं असतं, तर लक्षणं लवकर दिसली असती. ती आठवड्याने दिसली, म्हणजे जंतू शरीरात गेल्यावर मग वाढले.

मृत्यूच्या वेळेवरून, लक्षणांवरून आणि वस्तू कुणाकुणाच्या हातांतून गेली यावरून कारणापर्यंत पोहोचायचं, हेच न्यायवैद्यकशास्त्राचं काम असतं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनेही हे पुरावे तपासले. बाटली उघडतानाच जंतू आत गेले असावेत, याकडे त्यांचा कल होता.

तरीही चौकशीची कागदपत्रं लोकांसमोर यायला काही वर्षं गेली. मलेरियाच्या शोधासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि आणखी काही शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू घेतली. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंतांच्या सह्यांचं पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आलं. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली होती. त्यावरून हाफकिन यांच्या प्रकरणाला ‘छोटं ड्रेफस प्रकरण’ असं नाव पडलं.

१९०७ च्या अखेरीस सरकारने त्यांना पुन्हा कामावर घेतलं, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना कधीच परत मिळाली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते युरोपात परतले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं. ते अविवाहित होते आणि आपली संपत्ती त्यांनी ज्यू धार्मिक शिक्षणासाठी दिली. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये, त्यांच्या हयातीतच, त्यांचं नाव मिळालं होतं.

यातून आज काय घ्यायचं?

ज्या कॉलेजात हाफकिन यांनी प्लेगची लस बनवली, त्याच कॉलेजचं हॉस्पिटल म्हणजे मुंबईचं जे. जे. रुग्णालय. १९८६ मध्ये तिथे भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने फक्त एक दोषी शोधला नाही. औषध खरेदी कशी झाली, तपासणी कुणी केली, रुग्णालयाने कुठे दुर्लक्ष केलं, अशी पूर्ण साखळी उलगडली.

आज लसीकरणानंतर गंभीर काही घडलं, तर जिल्हा पातळीवरची समिती चौकशी करते. बॅच नंबर, साठवणूक, बाटली कधी उघडली, हे सगळं पाहिलं जातं. हॉस्पिटलमध्ये अनर्थ घडला की आपण आधी विचारतो, जबाबदार कोण? तो प्रश्न रास्तच आहे, दोषी सुटता कामा नये. पण चूक नेमकी कुठल्या टप्प्यावर झाली हे कळलं नाही, तर कुणीतरी निलंबित होतं आणि तीच चूक दुसऱ्या वॉर्डात पुन्हा घडू शकते.

मुलकोवालमध्ये ठपका परळवर आला आणि जमिनीवर पडलेला चिमटा बाजूला राहिला. हाफकिन यांची उमेदीची वर्षं त्यात गेली. १९ कुटुंबांनाही आपली माणसं का गेली याचं उत्तर हवं होतं, आणि ते उत्तर मधल्या काळात फायलींमध्ये पडून राहिलं.

पुढच्या वेळी बाळाला लस द्यायला गेलात, तर बाटलीवरचा तो बारीक नंबर एकदा नक्की बघा.