नाथांच्या विनोदाचें मर्म

कायद्यानें जुलूम थांबवितां येतो, परंतु जुलूम करणाऱ्याचें मन पालटतां येत नाहीं, हा अनुभव वकिलीच्या धंद्यांत पडलेल्या प्रत्येकास येतो. जें काम कायद्याच्या हातून होत नाहीं, तें कधीं कधीं उपहास करून जातो. अशा वेळीं आम्हांस पैठणच्या एकनाथांची आठवण होते.

नाथांचा जन्म सुमारें १५३३ सालचा. मातापितरांचें छत्र लवकर हरपल्यामुळें आजोबा चक्रपाणींनीं त्यांस वाढविलें. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेंत राहून त्यांनीं विद्या संपादन केली आणि पुढें पैठणास गृहस्थाश्रम पत्करिला. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची टीका १५७३ सालीं काशीस पुरी झाली. १५८४ सालीं त्यांनीं ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. एवढ्यावरच ते थांबते, तर केवळ पंडितांचे राहिले असते. परंतु पोथी न वाचणाऱ्या समाजासाठीं त्यांनीं भारुडें रचिलीं.

या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी हीं रस्त्यावरचीं माणसें बोलतात. जोहार करणारा महार ज्ञान सांगतो. ढोंगी साधूंची व पोटभरू गुरूंची फजिती होते. हिंदु-तुर्क संवादांत दोघेही परस्परांच्या धर्माचारांवर यथेच्छ कोरडे ओढतात आणि अखेरीस एकमेकांस आलिंगन देतात. ज्याचें ऐकून घेण्याची समाजास संवय नव्हती, त्याच्याच तोंडीं उपदेश घालणें, हेंच या विनोदाचें मर्म होय. ऐकणारा आधीं हंसतो. हंसण्याचा विषय आपणच आहों, हें त्यास मागाहून कळतें.

हे फटके लोकांनीं सोसले, कारण त्यांमागें आचरण होतें. श्राद्धाचें अन्न अस्पृश्यांस वाढल्याची व त्यांचें मूल तापल्या वाळूंतून उचलून कडेवर घेतल्याची कथा परंपरा सांगते. १५९९ सालीं नाथांनीं गोदाकाठीं देह ठेविला.

तीच गोदावरी पुढें नांदेडास येते. नांदेड-लातूरच्या गांवांतून भारुड रंगतें आणि विंचवाच्या सोंगास टाळ्या पडतात. १९५० सालीं संविधानानें अस्पृश्यता नष्ट ठरविली. तरीही जत्रेंत महाराच्या सोंगास दाद देणारा गृहस्थ घरीं येऊन पाहुण्याची जात विचारीत असेल, तर आमच्या मतें तो सोंगास हंसला, स्वतःस हंसला नाहीं. नाथांची अपेक्षा या दुसऱ्या हंसण्याची होती.